मातेच्या रक्ताची एक तपासणी, दोन जिवांचे रक्षण

(खानदेशातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा हा पाठ.)



आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे, तो विषय चारचौघांत काढण्याची आपल्याकडे रीत नाही. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि शासनाचे म्हणणे लोकांपर्यंत पोचविणे हे माझे काम आहे. वैद्यकीय सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. परंतु वैद्यकशास्त्राने फार पूर्वी सोडविलेला एक प्रश्न आपल्या संकोचामुळे अजून कसा अडून राहतो, हे मी नोकरीच्या निमित्ताने जवळून पाहिले आहे. तेवढेच आपल्यापुढे मांडावे म्हणून मी उभा आहे.

गरोदर स्त्रीची नोंदणी झाली की आरोग्य सेविका तिच्या हाती माता व बाल संरक्षण कार्ड देते. त्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट अशा नोंदी असतात. त्यांच्याच शेजारी एचआयव्ही, उपदंश आणि हिपॅटायटीस बी या तीन तपासण्यांच्या जागा आहेत. घरातील माणसे हिमोग्लोबिनचा आकडा विचारतात, वजन विचारतात. या तीन जागा भरलेल्या आहेत की कोऱ्या, हे सहसा कोणी पाहत नाही. माझे आजचे सारे बोलणे या तीन जागांविषयी आहे.

लक्षणांवाचून राहणारा रोग

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांना आपण पूर्वापार गुप्तरोग म्हणत आलो. उपदंशाला खेडोपाडी गरमी म्हणतात, प्रमेहाला परमा म्हणतात. या रोगांचा एक विशेष असा की स्त्रीच्या शरीरात ते पुष्कळदा काहीही लक्षण न दाखविता राहतात. उपदंशाची पहिली जखम दुखत नाही; स्त्रीला ती दिसेल अशा जागी नसते आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. पुढे अंगावर पुरळ उठला तरी तोही जातो. स्त्रीला वाटते, आपण बऱ्या झालो. रोगाचे जंतू मात्र रक्तात राहिलेले असतात आणि गर्भ राहिला म्हणजे वारेतून ते गर्भापर्यंत पोचतात.

उपदंश झालेल्या गर्भवतीवर उपचार झाले नाहीत, तर निम्म्याहून अधिक वेळा त्याचे अनिष्ट परिणाम होतात. गर्भ पोटातच दगावतो, मूल मृत जन्मते, अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे जन्मते, किंवा रोग घेऊनच जन्माला येते. अशी काही मुले जन्मतः निरोगी दिसतात आणि त्यांची हाडे, दात, डोळे, कान यांवरील परिणाम मागाहून उघड होतात. प्रमेहाचा संसर्ग प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांना होतो आणि वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाऊ शकते. हिपॅटायटीस बी आईकडून बाळाला जन्माच्या वेळी लागतो. अर्भकावस्थेत झालेला हा संसर्ग बहुतेक वेळा कायमचा राहतो आणि पुढे यकृत निकामी करू शकतो. म्हणूनच या रोगाच्या लसीची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते.

एखाद्या घरात दोनदा मृत मूल जन्मले की आपल्याकडे काय बोलले जाते, हे आपण जाणता. कोणी सुनेच्या नशिबाला बोल लावतो, कोणी बाहेरची बाधा सांगतो, कोणी मुलाचे दुसरे लग्न सुचवितो. सर्वच मृत जन्मांचे कारण उपदंश नसते. परंतु रक्ताची तपासणी केल्यावाचून ते कारण आहे की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

ज्ञान जुने, संकोच त्याहून जुना

उपदंशाच्या जंतूचा शोध १९०५ मध्ये जर्मनीत लागला. दुसऱ्याच वर्षी रक्ताच्या तपासणीची रीत सापडली. १९४३ मध्ये अमेरिकेत पेनिसिलिनने उपदंश बरा होतो असे सिद्ध झाले. आज इतक्या वर्षांनंतरही तेच औषध पुरेसे पडते. बेंझाथिन पेनिसिलिनचे चोवीस लाख युनिटांचे इंजेक्शन, रोग नवा असेल तर एकदा आणि जुना वा अज्ञात काळापासूनचा असेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा, एवढाच हा उपचार आहे. ते योग्य वेळी दिले गेले तर आई बरी होते आणि पोटातील बाळही वाचते. मात्र प्रसूतीपूर्वी निदान तीस दिवस तरी उपचार सुरू झालेला असावा लागतो. नवव्या महिन्यात पहिल्यांदा कार्ड काढणाऱ्या मातेला हा अवधी मिळत नाही.

औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि शासकीय रुग्णालयात विनामूल्य मिळते. मग अडते कोठे? याचे उत्तर इतिहासात थोडेफार सापडते. ब्रिटिश सरकारने १८६८ मध्ये हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा एक कायदा केला. गोऱ्या सैनिकांना रोग होऊ नये म्हणून वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी त्यात होती. पुरुषांवर तशी सक्ती नव्हती. पुष्कळ विरोध झाल्यावर १८८८ मध्ये तो कायदा रद्द झाला. कायदा गेला, पण रोग म्हणजे स्त्रीचा दोष ही समजूत तशीच राहिली.

महाराष्ट्रात ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न र. धों. कर्वे यांनी केला. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. संततिनियमनाबरोबरच गुप्तरोगांविषयीही त्यांनी शास्त्रीय माहिती सरळ मराठीत दिली. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते.

पुढे जानेवारी १९८९ मध्ये डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांचा गडचिरोली जिल्ह्यातील अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोगांपैकी काही ना काही आढळले. यातील सर्वच विकार लैंगिक संबंधातून आलेले नव्हते, हे ध्यानात ठेवावयास हवे. परंतु त्याहून विचार करावयास लावणारा आकडा दुसराच होता. पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ होत्या. दुखणे घरोघर होते आणि ते पाहणारे, विचारणारे कोणी नव्हते. गडचिरोली आपल्यापासून दूर असली, तरी अंगावरून पांढरे जाणे हे बाईच्या जातीला लागलेलेच असते, असे म्हणणारी घरे खानदेशातही आहेत.

एचआयव्हीने शिकविलेला धडा

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये आढळला. पुढे ज्या सहा राज्यांत त्याचे प्रमाण अधिक मानले गेले, त्यांत महाराष्ट्र होता. हे प्रमाण ठरविण्याची कसोटी काय होती? प्रसूतिपूर्व तपासणीस येणाऱ्या स्त्रियांपैकी शेकडा एकीहून अधिक स्त्रियांत संसर्ग आढळणे, ही ती कसोटी. म्हणजे समाजात रोग किती पसरला हे आपण गर्भवतींच्या रक्तावरून मोजले. त्यांच्या रक्ताने राज्याला माहिती दिली. त्यांना उपचार मिळण्यास मात्र थोडा काळ जावा लागला.

२००० साली देशातील काही वैद्यकीय महाविद्यालयांत, आईकडून बाळाला होणारा संसर्ग टाळण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाला आणि नंतर तो देशभर पसरला. १ जानेवारी २०१४ पासून एचआयव्ही आढळलेल्या प्रत्येक गर्भवतीस तत्काळ आणि आयुष्यभर औषधे देण्याचे धोरण लागू झाले. काहीही उपचार न केल्यास अशा मातांच्या शंभर बालकांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बालकांना संसर्ग होतो. आईने वेळेवर औषध सुरू केले, बाळाला जन्मापासून औषध दिले, तर हे प्रमाण शंभरात पाचाहून खाली येते. अशी माता बाळाला अंगावर पाजू शकते, पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध द्यावे असे तिला सांगितले जाते. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी आणि अखेरची अठरा महिन्यांनी होते.

एचआयव्हीसाठी उभारलेल्या या व्यवस्थेचा लाभ उपदंशालाही मिळावा म्हणून २०१५ मध्ये केंद्र शासनाने जन्मजात उपदंशाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय योजना जाहीर केली. आता बोटाच्या टोकाच्या थेंबभर रक्तावर दोन्ही चाचण्या गावच्या उपकेंद्रातच होऊ शकतात. क्युबाने २०१५ मध्ये, थायलंडने २०१६ मध्ये आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही व उपदंश यांचा संसर्ग निर्मूलनाच्या पातळीवर आणला, असे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. हे देश फार श्रीमंत नाहीत. त्यांनी जवळजवळ प्रत्येक गर्भवतीपर्यंत तपासणी पोचविली, एवढेच त्यांचे रहस्य आहे.

खानदेशात साखळी कोठे तुटते

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. मालमोटारींवरील चालक, क्लीनर, कामासाठी सुरतेस वा मुंबईस राहणारे तरुण, असे पुष्कळ पुरुष महिनोन्महिने घराबाहेर असतात. दिवाळी झाली की साक्री, चाळीसगाव या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, काही राज्यातील कारखान्यांवर, तर काही दक्षिण गुजरातेत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. म्हणून गरोदर बाईही जाते. तिचे कार्ड गावी पेटीत राहते, उपकेंद्र गावी राहते, आणि ती फडावर असते. रोग या माणसांच्या स्वभावात नाही. घरापासून दूर राहणे, कामाची अनिश्चितता आणि दवाखान्यापासून तुटणे यांमुळे संसर्गाचा धोका वाढतो.

साखळी तुटण्याची दुसरी जागा आपल्या प्रेमळ रीतीत आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोक्यावर गाणी होतात. पहिले बाळंतपणही माहेरीच व्हावे ही रीत. सासरच्या उपकेंद्रात तपासणी झाली, निकाल येण्याआधी किंवा तीन इंजेक्शनांपैकी एक झाल्यावर मुलगी माहेरी गेली. तेथे नव्याने कार्ड निघाले, किंवा खाजगी दवाखान्यात नाव घातले गेले. उरलेली दोन इंजेक्शने कोणाच्याच वहीत राहत नाहीत. म्हणून माझी विनंती अशी की लेक माहेरी निघाली म्हणजे साडीचोळीच्या पिशवीत तिचे कार्ड आधी ठेवावे.

तिसरी आणि सर्वांत मोठी फट म्हणजे नवरा. पत्नीवर उपचार झाला आणि पतीवर झाला नाही, तर तोच रोग तिला पुन्हा होतो. तिचे औषध वाया जाते आणि बाळ पुन्हा धोक्यात येते. पण रोग पत्नीच्या तपासणीत प्रथम आढळतो, म्हणून तो तिनेच आणला असे घरात ठरते. तपासणी प्रथम कोणाची झाली, एवढेच त्यावरून कळते. संसर्ग प्रथम कोणाला झाला, हे त्यावरून कळत नाही. हे वाक्य आपण गावोगाव पोचविले, तरी पुष्कळ स्त्रियांचे संसार वाचतील.

एका सेविकेने दिलेली शिकवण

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एड्सविषयी एक फलक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी मोठ्या अभिमानाने चारित्र्य, कलंक, सर्वनाश असे शब्द योजून मजकूर लिहिला. काही महिन्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका उपकेंद्रात गेलो, तर तो फलक दारावर नव्हता. तेथील वडीलधाऱ्या आरोग्य सेविकेने मला चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमचा फलक मी कपाटामागे ठेवला आहे. तो दारात होता तोवर बायका आत यायला बिचकत होत्या. ज्या रोगाला तुम्ही कलंक म्हणता, त्याची तपासणी करून घ्यायला कोण येईल?" मला उत्तर सुचले नाही.

त्याच बाईंनी नाव न सांगता एका मजूर स्त्रीची हकिकत सांगितली. तिची दोन मुले मृत जन्मली होती. तिसऱ्या खेपेस दिवस राहिले तेव्हा आशाताईंनी तिला तिसऱ्याच महिन्यात तपासणीस आणले. रक्तात उपदंश आढळला. सेविकेने तिला एकटीला बसवून समजावले, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे सोबत नेले, तिन्ही इंजेक्शने होईपर्यंत दर आठवड्यास आठवण ठेवली. नवऱ्याला निरोप गेला तो एवढाच, की बाळाच्या आईबापांची, दोघांचीही तपासणी असते. तो दुसऱ्या आठवड्यात आला, खाली मान घालून बसला आणि उपचार घेऊन गेला. पुढे मूल पूर्ण दिवसांचे आणि जिवंत जन्मले. बाईंनी या प्रकरणात भाषण केले नाही, कोणाला दोष दिला नाही. त्यांनी केवळ वेळ पाळली आणि गुप्तता पाळली. त्या दिवसापासून कलंक हा शब्द मी माझ्या लेखनातून काढून टाकला.

आपण काय करावयाचे

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण आरोग्याचा मोठा भार लोकप्रतिनिधींच्या हाती आला. तेव्हा हा विषय डॉक्टरांचा आहे असे म्हणून आपणास बाजूला होता येणार नाही.

पंचायत सदस्यांनी गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीत तीन प्रश्न विचारावेत. गावातील किती गर्भवतींची नोंदणी पहिल्या बारा आठवड्यांत झाली? त्यांपैकी किती जणींच्या तिन्ही रक्ततपासण्या झाल्या? उपकेंद्रात चाचणीचे साहित्य आहे काय? प्रश्न संख्येचे असावेत. कोणाच्या रक्तात काय निघाले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सरपंचालाही नाही. उपकेंद्रात तपासणीसाठी पडदा वा स्वतंत्र खोली नसेल, तर ती करून देणे हे पंचायतीचे काम आहे. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी आरोग्य सेविकेला त्यांची यादी मिळावी आणि मुकादमाने गरोदर स्त्रियांची कार्डे बरोबर घेतल्याची खात्री करावी.

शिक्षकांस माझे सांगणे असे की एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कायद्यानुसार संमतीवाचून तपासणी करता येत नाही, निकाल उघड करता येत नाही आणि संसर्गाच्या कारणाने शाळा, नोकरी वा उपचार नाकारता येत नाहीत. एखाद्या बालकाविषयी गावात कुजबूज सुरू झाली, तर वर्गात त्याची जागा बदलू न देणे हेही शिक्षणच होय. वरच्या वर्गातील मुलामुलींना शरीराविषयी स्वच्छ शब्दांत सांगणारा शिक्षक पुढील पिढीचे फार मोठे काम करतो.

अधिकारी मित्रांनी पेनिसिलिनचा आणि चाचणीच्या साहित्याचा साठा संपू देऊ नये. दर महिन्याच्या ९ तारखेला, २०१६ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, शासकीय रुग्णालयांतून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. ज्या स्त्रियांचे पती दीर्घकाळ बाहेरगावी असतात, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्याने शेवटच्या तिमाहीत चाचणी पुन्हा करण्याची संधीही तेथे साधता येते. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेव्हा पुढील उपचारासाठी मुंबईची वाट धरण्याचे कारण नाही. नाव न सांगता माहिती हवी असेल, तर १०९७ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांस एक विनंती. सून वा लेक गरोदर आहे असे कळले की आपण तिला काय खावेसे वाटते ते विचारतो, ओटी भरण्याचा बेत करतो. त्याच आठवड्यात तिला उपकेंद्रात न्यावे. तिच्याबरोबर तिच्या नवऱ्यालाही पाठवावे. कार्डावरील त्या तीन जागा भरल्या आहेत हे पाहावे, आणि त्यांत काय लिहिले आहे ते तिचे, तिच्या नवऱ्याचे व डॉक्टरांचे राहू द्यावे.

सातपुड्याच्या पायथ्याचे ते उपकेंद्र आजही आहे. त्या बाई आता निवृत्त झाल्या. मागील खेपेस मी गेलो, तेव्हा दारावर नवा फलक होता. त्यावर वार, वेळ आणि एवढाच मजकूर होता: गरोदर माता व त्यांचे पती, दोघांचीही तपासणी येथे होते. माझ्या सर्व लेखनापेक्षा तो फलक अधिक चांगला आहे, असे मला वाटते. आपल्या गावच्या दारावर तसा फलक लागावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.